दामूकाका काठीला गाव दाखवतात

आमचे दामूकाका चालता चालता मध्येच थांबतात आणि हातातल्या काठीला सांगतात, "हा कालीपत्ती चिकू. माझ्या बापाने लावलेला. नमस्कार कर." मग थोडं पुढे जातात, परत थांबतात. "हा त्याच्या बाजूचा. फळ कमी देतो, पण स्वभावाने गरीब. बराबर ने?"

काठी थरथरते. काका खूश होऊन पुढच्या चिकूकडे वळतात.

काकांना दिसत नाही. काचबिंदूने डोळे हळूहळू नेले. आधी कडेचं दिसेनासं झालं, मग मधलंही गेलं. नरपडला त्यांची चिकूची वाडी आहे आणि वाडीच्या कुंपणाला लागून आमचं घर. माझा नवरा त्यांची वाडी बघतो. काकी गेल्यापासून काकांची भाकरी मी करते. माझं माहेर तलासरीकडचं, झरी गावचं, म्हणून काका मला झरीच म्हणतात.

मी फार बोलत नाही. कुणी काही विचारलं की मान हलवते. आता ज्यांना दिसत नाही त्यांच्यापुढे मान हलवून काय उपयोग? पण सवय जात नाही. काका विचारतात, "झरी, भाकरी झाली?" मी मान हलवते. काका जरा वाट बघतात आणि म्हणतात, "हलवलीस ना? उभी की आडवी?" मग मला तोंड उघडून "झाली" म्हणावंच लागतं.

काठी आणली ती नितीनने. नितीन काकांचा मुलगा, बोईसरला कारखान्यात कामाला आहे. काठी साधी पांढरीच, पण मुठीवर एक डबी बसवलेली. पुढे काही आडवं आलं की मूठ थरथरते. जवळ असलं की जास्त, लांब असलं की कमी. मोबाइलसारखी चार्जिंगला लावायची. शिकवायला एक मुलगी आली होती. मोठ्या धीराची होती ती.

"काका, पुढे काही असेल तर ही तुम्हाला सांगेल."

"काय असेल ते सांगेल?"

"ते नाही. काहीतरी आहे एवढं सांगेल."

"म्हैस आहे की माणूस?"

"ते नाही कळणार हो."

"म्हणजे ही नवीन आहे," काका म्हणाले. "नवीन माणसाला कसं कळणार? ओळखपाळख करून द्यायला हवी."

ती मुलगी हसली. तिला वाटलं काका गंमत करतात. काका गंमत करत नव्हते. दुसऱ्या दिवशी आंघोळ करून, टोपी घालून त्यांनी काठीला हळदकुंकू लावलं आणि निघाले. आमच्याकडे नवी सून आली की तिला घरोघर पाया पडायला नेतात. हे कुणाचं घर, ही तुझी कोण लागते, ते तिथेच सांगतात. काकांनी काठीला तसंच नेलं. प्रत्येक ओट्याला काठी टेकवायची आणि सांगायचं, "हे मंजूचं घर. हिची जीभ तिखट आहे, लांबूनच थरथरायचं."

मंजूआत्या दारातच उभी होती. ती म्हणाली, "दामू, सून फारच बारीक आणलीस रे. खायला घालतोस की नाही?"

"झोपायच्या आधी वायर लावतो. तेवढंच खाते बिचारी."

"आणि काम काय करते?"

"तुझ्यासारखंच. दिसेल त्याला अडवते."

मंजूआत्याने खरंच ओटी म्हणून नारळ दिला. काठीला देता येईना, म्हणून काकांच्या पिशवीत टाकला. परत येताना काकांनी दर्याच्या बाजूने वाट घेतली. तिथे बांबूंवर बोंबील वाळत घातले होते. काठी जी थरथरायला लागली ती थांबेचना. काका उभे राहून तिची समजूत काढत होते, "अगं बाई, सगळ्यांची नावं नाही सांगता येणार, हे फार जण आहेत."

सगळ्यात मोठी गंमत डहाणू रोडच्या बाजारात झाली. काका रिक्षाने गेले होते. सुके बोंबील घेतले आणि पिशवी घेऊन कापडाच्या दुकानांसमोरून चालले होते. काठी थरथरली. काकांनी विचारलं, "कोण?" उत्तर नाही. "कोण आहे पुढे?" तरी उत्तर नाही. मग काकांचा चेहरा फुलला.

"अगं झरी! तू कधी आलीस बाजाराला? चांगली भेटलीस. धर ही पिशवी, मी जरा दाढी करून येतो."

त्यांनी हात पुढे करून पिशवी अडकवली आणि गेले. दाढी झाली, काका रिक्षात बसून घरी आले आणि ओट्यावरून मला हाक मारली, "झरी, बोंबील भिजत घाल."

मला काही कळेना. मी मान हलवली. आडवी.

तेवढ्यात काकांचा फोन वाजला. दुकानदार ओळखीचा होता, गुजराती. तो म्हणत होता, "अरे काका, आ शूं? माझ्या पुतळ्याच्या हातात बोंबील कोणी लटकवला? साडी नेसवली आहे नवीन, आख्खी दुकान वास मारते!"

काकांनी फोन ठेवला. गुळगुळीत हनुवटीवरून हात फिरवला. मग म्हणाले, "चूक माझी नाही. गप्प उभं राहणारं माणूस मला एकच माहीत आहे."

पुढे कितीतरी दिवस मी दारात दिसले की मंजूआत्या विचारायची, "काय गं, आज कोणती साडी नेसवली दुकानदाराने?"

अशी सगळ्या गावाची काठीशी ओळख झाली. पण वाडीत तिचं काही चालायचं नाही. वाडीत सगळीकडे चिकूच. रांगेत रांग, एकसारखी. काठी प्रत्येक झाडाला थरथरायची. पुढे झाड आहे एवढं कळायचं, घर कुठल्या बाजूला ते कसं कळणार? तरी काका रोज संध्याकाळी विहिरीपर्यंत फिरून दिवेलागणीला बरोब्बर घरी यायचे. नितीनला फोनवर अभिमानाने सांगायचे, "तुझ्या काठीने आणलं. बराबर आणलं."

नितीनचा जीव भांड्यात पडायचा. वडील एकटे राहतात याची त्याला फार काळजी. त्याने स्पष्ट सांगितलं होतं, "बाबा, काठीवर नीट जमतंय तोवर राहा. एकदा जरी वाट चुकलात किंवा पडलात, तर मी तुम्हाला बोईसरला नेणार. तिसऱ्या मजल्यावर लिफ्ट आहे, काही त्रास नाही." काका त्याच्यापुढे "हो" म्हणायचे. मग काठीला म्हणायचे, "तिसऱ्या मजल्यावर कुणाची ओळख करून देणार मी तुला? लिफ्टची?"

एका रविवारी नितीन बायकोला घेऊन आला. आल्या आल्या त्याने ओटीवरचा झोपाळा बघितला. त्याच्या कड्या फार करकरायच्या. आमच्याकडचा दर्याच असा, खाऱ्या हवेने लोखंड खाऊन टाकतो. संध्याकाळी वारा सुटला की रिकामा झोपाळासुद्धा आपोआप हलायचा आणि करर्र करर्र करायचा. नितीन म्हणाला, "बाबा, फोनवर तुमचं बोलणं ऐकू येत नाही या आवाजात." त्याने बाटलीभर मशीनचं तेल आणलं होतं. शिडी लावून सगळ्या कड्यांना मनसोक्त तेल पाजलं. झोपाळा मुका झाला.

काका खुर्चीवर बसून होते. तोंड उघडलं, मिटलं. "चालेल," म्हणाले.

त्याच्या दुसऱ्याच संध्याकाळी काका मंजूआत्याच्या ओट्यावर सापडले. तिचं घर वाडीच्या अगदी दुसऱ्या बाजूला आहे.

"काय रे दामू, इकडे कुठे?"

"मुद्दाम आलो. काठी म्हणाली, मंजूला भेटू."

"काठीला म्हणावं, येताना चप्पल तरी घालून आण. एकच आहे पायात."

त्याच्या पुढच्या संध्याकाळी ते पाटाच्या पाण्यात गुडघाभर चिखलात उभे होते आणि काठीवर चिडत होते. माझ्या नवऱ्याने हाताला धरून आणलं. मंजूआत्याने काळजीपोटी नितीनला फोन केला. नितीन म्हणाला, "रविवारी येतो. सकाळी बाबांनी माझ्यासमोर विहिरीपासून घरापर्यंत एकट्याने चालून दाखवायचं. नाही जमलं तर त्याच गाडीने माझ्याबरोबर."

मी भाकरी घेऊन गेले तेव्हा काका ओटीवर एकटेच होते. काठी मांडीवर घेतलेली. मी आलेलं त्यांना कळलं नाही. ते तिला सांगत होते, "तुझी काही चूक नाही गं. काहीतरी आहे एवढं तू सांगतेस, तेही खरं सांगतेस. पण घर कुठे ते तुला कोण सांगणार? ते काम तिचं होतं." आणि हात लांब करून त्यांनी झोपाळा ढकलला. झोपाळा गेला आणि आला. काहीच आवाज झाला नाही.

मी ताट तिथेच ठेवून घरी आले. चुलीपुढे बसल्यावर माझ्या डोक्यात एकेक गोष्ट यायला लागली.

काकांना दिसेनासं झाल्यापासून काकी रोज दिवेलागणीला झोपाळ्यावर बसायची. अख्खं गाव म्हणायचं, काकीला झोपाळ्याचं वेड. काकाही चिडवायचे, "आमच्या बाईला दुसरं काम नाही, झोके घेते लहान पोरीसारखे." पण काकीने मला एकदा सांगितलं होतं, "मला झोपाळ्यावर गरगरतं गं. पोटात ढवळतं." मी काही विचारलं नाही, मी कुठे काय विचारते. ती रोज गालात आवळासुपारी धरायची आणि जोरजोरात झोके घ्यायची. वाडीच्या दिशेला तोंड करून. काका झाडांतून येताना दिसले की पाय टेकवून झोपाळा थांबवायची आणि चहा ठेवायला आत जायची. ती गेल्यावर तेच काम संध्याकाळचा वारा करत होता.

नितीनला हे सांगावं असं मला वाटलं. पण काकांनी स्वतःच सांगितलं नव्हतं. मुलाने एवढ्या हौसेने काठी आणली, आपण करकरीवर चालतो हे कसं सांगणार ते? आणि मी तर कुणाला काहीच सांगत नाही.

मग मी चुलीतली राख घेतली. काका दुपारी झोपले की शिडी लावायची आणि कड्यांना राख चोळायची. राख तेल पिते, आम्ही तेलकट भांडी राखेनेच घासतो. वर मिठाचं पाणी लावायचं. माझ्या नवऱ्याने बघितलं आणि विचारलं, "हे काय चाललंय?" मी मान हलवली. तो गेला. शनिवारी झोपाळा जरासा कुरकुरला. पूर्वीसारखा नाही, पण घसा बसलेल्या माणसासारखा.

रविवार उजाडला आणि माझ्या लक्षात आलं की सकाळी वारा नसतो. झाडाचं पानसुद्धा हलत नव्हतं. नितीन काकांना घेऊन विहिरीकडे गेला होता. ओटीवर त्याची बायको मोबाइल धरून उभी, अंगणात मंजूआत्या, तिच्या मागे आणखी दोघीतिघी. कोपऱ्यात बोईसरला न्यायची बॅग भरून ठेवलेली.

दुसऱ्यांच्या घरी, त्यांची सून उभी असताना, आपण झोपाळ्यावर जाऊन बसायचं? मी कधी त्यांच्या पाटावर बसले नव्हते. पाय उचलेनात. शेवटी सुपात तांदूळ घेतले, निवडायला बसल्यासारखं करू म्हणून, आणि जाऊन बसले. आणि पाय जमिनीला लावून जोरात रेटा दिला.

करर्र.

मंजूआत्या म्हणाली, "अगं बाई! झरीला काय झालं?"

सून मोबाइल खाली करून बघत राहिली. माझे कान तापले होते. मी मान खाली घालून झोके घेत राहिले. सुपातले तांदूळ ओटीभर उडाले. करर्र, करर्र.

झाडांतून काका आले. एकदाही थांबले नाहीत. वाटेत कुठल्याही चिकूची ओळख करून दिली नाही. सरळ अंगणात, पायरी, ओटी. मागून नितीन धावत आला, "बघा! काठीची कमाल बघा! बाबा, एकदा पण चुकला नाहीत!" मग त्याचं लक्ष वर गेलं. "अरे, हा परत करकरायला लागला? थांबा, गाडीत तेल आहे."

"राहू दे," काका म्हणाले. "काठीला सवय झालीय."

नितीन हसला. बॅग उचलून त्याने आत नेली. सून चहा ठेवायला गेली. अंगणातल्या बायका पांगल्या.

मी झोपाळा थांबवला होता, पण उठायला सुचत नव्हतं. काका पुढे आले. काठी माझ्या गुडघ्याला टेकली आणि थरथरली. त्यांनी तिला हळूच सांगितलं, "ही झरी. बोलत नाही. पण हाक मारते."

मग हात वर करून त्यांनी झोपाळ्याची कडी चाचपली.

"तुला गरगरत नाही ना?" त्यांनी मला विचारलं. "तिला गरगरायचं. गालात आवळासुपारी धरून बसायची. इतकी वर्षं. मला वास यायचा त्या सुपारीचा. मी म्हणायचो, आज सांगेल, उद्या सांगेल, मग मी म्हणेन नको बसू. तिने सांगितलं नाही. मीही नाही म्हणालो."

मी मान हलवली. मग आठवलं.

"नाही, काका," मी म्हटलं. "मला नाही गरगरत."