मंगळाचं दोन चमचे पाणी

पाण्याच्या बाबतीत बाबांचा शब्द शेवटचा, हा घरातला नियम. आणि तो का, असं विचारायचं नाही, हा त्याच्यावरचा नियम. बाबांची तीस वर्षं पाणीखात्यात गळत्या शोधण्यात गेली होती. नळ किती फिरवायचा, हे ते पाहुण्यांनाही शिकवत.

त्यामुळे मंगळाच्या मातीत पाणी सापडलंय, असं लेकीनं (घरात तिला ठिणगीच म्हणत) सांगितलं, तेव्हा बाबांनी नुसता चष्मा पुसला. कोरड्या मातीत पाणी नसतं. असलं तर ती कोरडी नसते. विषय संपला. ठिणगीनं आठवडाभर समजावलं, की ते पाणी मातीला घट्ट धरून बसलेलं असतं, तापवलं की सुटतं. उद्या माणसं तिथं गेली तर प्यायचं पाणी इथून लादून न्यायला नको. बाबांनी विचारलं, मीटर कुठे बसवणार?

संशोधन संस्थेत प्रशिक्षणाची एकच जागा होती. त्यासाठी शनिवारी सकाळी कॅमेऱ्यासमोर प्रयोग करून दाखवायचा होता. मंगळाच्या मातीसारखी बनवलेली अर्धा किलो माती बंद डब्यात तापवायची आणि वाफ नळीतून बरणीत उतरवायची. अपेक्षित पाणी, दोन चमचे.

ठिणगीनं डबा शेगडीवर चढवला. जरा जड लागला. तिला वाटलं, टेन्शन.

बरणीत दोन चमचे पाणी जमलं. मग चार. मग बरणी अर्धी भरली, डबा फुसफुसायला लागला आणि झाकण उडून लाल चिखल थेट छताला जाऊन चिकटला.

"कमाल आहे," स्क्रीनवरच्या परीक्षक मॅडम पुढे झुकल्या. "अपेक्षेच्या वीसपट पाणी. कसं जमवलंत?"

ठिणगीनं मागे पाहिलं. दारात बाबा, आई आणि आत्या फोटो काढायला उभे राहावेत तसे उभे होते. तिघांच्याही नजरा जमिनीवर.

मग दबक्या आवाजात सगळं बाहेर आलं. पोरीची फजिती नको म्हणून बाबांनी पहाटे गुपचूप डब्यात पेलाभर पाणी ओतलं होतं. बाबांना हे सुचणार नाही म्हणून आईनं वाटीभर. आणि दोघंही भोळी म्हणून आत्यानं आणखी थोडं, तेही गाळून.

आत्या खुणेनं सांगत होती, मातीतलंच म्हणून टाक. बाबा कुजबुजले, "जागा मिळतेय ना? मोठ्यांचं ऐक. शेवटी पाणी ते पाणी."

"नाही बाबा. या वेळी नाही." ठिणगी स्क्रीनकडे वळली. "मॅडम, हे पाणी मातीतलं नाही, आमच्या नळाचं आहे. त्याच्यावर मला जागा नको. मी माती पुन्हा बनवते, मग बघा."

मॅडमनी शांतपणे विचारलं, सगळं घरच्यांनीच घातलं का?

ठिणगीनं बरणीकडे पाहिलं. आठवडाभर बाबांचं ऐकून शुक्रवारी संध्याकाळी तिचाही धीर सुटला होता.

"पहिला चमचा माझा," ती म्हणाली.

छतावरून चिखलाचा एक थेंब नेमका तिच्या नाकावर टपकला. समोर चालू गळती, शेजारी तीस वर्षांचा अनुभव. पण पाण्याच्या विषयावर पहिल्यांदाच बाबांकडे शब्द नव्हता.