अडकलेला रुपेश

"आज हा प्रश्न निकालात काढतो!" रविवारी सकाळी रुपेशने छाती फुगवून जाहीर केलं. ऐकायला पंख्याशिवाय कोणी नव्हतं. मोहालीतल्या नोकरीपायी पंजाबातल्या खरड गावात स्वस्त फ्लॅट घेतल्यापासून त्याचं मराठी आईच्या फोनपुरतंच उरलं होतं. उरलेला वेळ तो एका कंपायलरला देई. माणसाने लिहिलेला प्रोग्रॅम संगणकाच्या गळी उतरवणारं हे सॉफ्टवेअर जगभरचे हौशी लोक मिळून फुकट बनवत. त्यातल्या एकालाही त्याने पाहिलं नव्हतं. पण मित्र म्हणायचे तर तेवढेच!

हा कंपायलर तयार करणारं साधन मात्र भलतंच खादाड. शेवटी तुकडे जोडायची वेळ आली की सगळ्या जोडण्या एकदम सुरू! अख्खं वऱ्हाड पहिल्याच पंगतीला बसावं तसं. मेमरी संपे आणि लॅपटॉप गपगार.

हे नेमकं कुठे होतं ते बघायला रुपेशने काम लावलं, आणि तेवढ्यात लॅपटॉपवर आईचा व्हिडिओ कॉल घेतला. बोलता बोलता त्याला जांभई आली. डोळे मिटलेले, तोंड वासलेलं... आणि लॅपटॉप अडकला!

"रुपेश! अरे बोल की रे!" तिकडे सांगलीत आई ओरडली. पडद्यावरचा चेहरा ढिम्म. मोबाईल लावला, तर तो पठ्ठ्याने सायलेंटवर टाकलेला. मग आईने चंडीगढच्या स्मितावहिनींना गाठलं. वहिनींचे यजमान हवाई दलात. रुपेशची त्यांच्याशी ओळख गणपतीच्या आरतीतली, एका संध्याकाळची; नंबर मात्र आईने तेव्हाच त्याच्याकडून मागून घेतला होता.

"पोरगं बसल्या जागी बेशुद्ध पडलंय हो!"

इकडे रुपेशने लॅपटॉप पुन्हा चालू करून एका वेळी एकच जोडणी होईल अशी दुरुस्ती केली होती. चालली! तो खोलीभर नाचत असतानाच दार उघडलं. दारात किल्ली घेतलेले घरमालक सरदारजी, थर्मामीटर आणि मऊ भाताचा डबा घेतलेल्या वहिनी, शिवाय त्यांची लेक रेवा!

"आधी आडवा हो!"

"वहिनी, मी ठणठणीत आहे!"

"तापात असंच वाटतं!"

"मम्मी, भैया तो नाच रहे थे," रेवा म्हणाली.

मग आईला फोन झाला, शिव्या खाऊन झाल्या, आणि रुपेशने सगळ्यांना मेमरी, जोडण्या, दुरुस्ती असं सगळं साग्रसंगीत समजावलं. वहिनी मन लावून ऐकत होत्या. सरदारजी "वाह जी वाह!" म्हणत मऊ भात संपवत होते. कोणी उठू नये म्हणून रुपेशने तीनदा चहा केला. ते गेल्यावर घर पूर्वीपेक्षाही रिकामं वाटलं.

कंपायलरवाल्यांना पाठवलेली दुरुस्ती मंजूर झाली. कुठल्याशा देशातून उत्तर आलं: "छान. धन्यवाद." एवढंच.

पुढच्या रविवारी, लाज बाजूला ठेवून, रुपेशने आपलीच दुरुस्ती आपल्या लॅपटॉपवरून काढून टाकली. काम लावलं. आईचा कॉल आला. मोबाईल सायलेंट केला, डोळे मिटले, तोंड वासलं. लॅपटॉप झकास अडकला!

त्याने खोली झाडली, चार कप धुतले, जास्तीचं दूध आणलं आणि दाराकडे कान लावून बसला.

अंधार पडल्यावर मोबाईल पाहिला. वहिनींचा मेसेज होता: "काकूंना सांगितलंय, काळजी नको, मेमरी भरली असेल. एका वेळी एकच जोडणी लावत जा, म्हणजे नाही अडकणार!"