मॅडमची ठरलेली चूक

महिनाअखेरीस मॅडम निवृत्त होणार होत्या, आणि नर्सिंग कॉलेजने जाता जाता त्यांच्याकडे एकच गोष्ट मागितली होती: हृदयाचा पाठ. एकतीस वर्षं फळ्यावर काढलेलं हृदय आता संगणकात घालायचं, मध्येमध्ये प्रश्न पेरायचे, आणि उत्तर बरोबर आलं तरच पाठ पुढे सरकायचा. आपण गेल्यावरही आपला पाठ शिकवत राहील, एवढ्या एका आशेवर मॅडमनी होकार दिला. संगणकाचं काम जावयांनी हौसेने अंगावर घेतलं.

वर्गात मॅडमची एक पद्धत होती. प्रत्येक पाठात त्या मुद्दाम एक चूक करायच्या आणि चष्म्यावरून वर्गाकडे बघत गप्प उभ्या राहायच्या. जी चूक पकडेल तिला नवा, अख्खा खडू बक्षीस. त्या खडूसाठी मुली हात नाचवत बाकावरून उठायच्या. औषध देताना सांगणाऱ्यावरही डोळे मिटून विश्वास ठेवू नये, हे मुलींच्या अंगवळणी पडावं म्हणून हा खटाटोप.

जावयांनी घरच्या पुढच्या खोलीत कॅमेरा लावला तेव्हाही मॅडम सवयीने म्हणाल्या, "फुप्फुसातलं शुद्ध रक्त हृदयाच्या उजव्या बाजूला येतं." आणि थांबल्या. चांगलं मिनिटभर. समोर रिकाम्या खुर्च्या होत्या. हात काही वर आला नाही, आणि मॅडमना एकदम फार एकटं वाटलं.

"या वाक्यावर एक प्रश्न घाला हं," त्या म्हणाल्या.

जावयांनी घातला. मिनिटभराची ती शांतताही त्यांनी कापून टाकली. आईंना पुढचं आठवेना झालं असेल, असं त्यांना वाटलं.

दोन आठवड्यांनी प्राचार्य स्वतः मॅडमच्या टेबलापाशी आले. "मॅडम, कमाल केलीत. नव्या तुकडीच्या साठातल्या एकोणसाठ जणींना पैकीच्या पैकी. एकच ढ निघाली. एक्केचाळीस वेळा तेच चुकीचं उत्तर दिलंय. तिला काही वॉर्डात पाठवत नाही मी."

"काय उत्तर देते?"

"डावी बाजू."

बरोबर उत्तर तेच होतं.

"जावईबापू," संध्याकाळी त्यांनी जमेल तितक्या गोड आवाजात विचारलं, "बरोबर उत्तर कुणी ठरवलं?"

"तुम्हीच की, आई. तुम्ही उजवी म्हणालात, मी उजवी केलं. पुस्तकात डावी दिसलं, पण म्हटलं पुस्तक जुनं असेल."

जावयाला बोलायची सोय नसते. मॅडमनी त्यांना चहा दिला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी वर्ग गोळा केला. "आम्हीपण आधी डावीच दाबलं होतं, मॅडम," मुली म्हणाल्या. "पाठ पुढे जाईना, मग उजवी दाबलं."

"आणि तू का नाही दाबलंस?" मॅडमनी त्या ढ मुलीला विचारलं.

"आई म्हणाली होती, मॅडम एक चूक मुद्दाम करतात. त्यांचं लक्ष जाईपर्यंत हात खाली घ्यायचा नाही."

"आई कोण तुझी?"

"तुमचीच विद्यार्थिनी. तुम्ही दिलेला खडू अजून कपाटात आहे तिच्या. कुणाला हात लावू देत नाही."

मॅडम तशाच तिला घेऊन प्राचार्यांकडे गेल्या आणि सगळं सांगून मोकळ्या झाल्या.

"म्हणजे एकोणसाठ नापास?" प्राचार्यांचा चेहरा उतरला. "ती चूक तरी काढून टाकू."

"चूक राहू द्या. उत्तर तेवढं बदला, आणि माझं ते मिनिट परत घाला. ही मात्र उद्यापासून वॉर्डात."

बक्षीस द्यायचं राहिलं होतं. पण कॉलेजातले फळे जाऊन दोन वर्षं झाली होती, खडू आणायचा कुठून? मॅडमनी पर्स पालथी घातली तेव्हा तळातून बोटाच्या पेराएवढा एक तुकडा निघाला. मुलीने तो तळहातावर घेऊन निरखला.

"आईचा अख्खा आहे, मॅडम."

"उरलेला शिकवण्यात गेला गं," मॅडम म्हणाल्या.