आत पाव्हणे इसावा घ्यायलेत

बेडकांच्या खोलीत शिरण्यापूर्वी भरमाण्णा चपला काढत आणि दारावर टकटक करत. आतून कुणी ‘या’ म्हणाल्याचं मी तरी ऐकलं नाही.

ऐंशीच्या सुमारास बेळगावच्या एका कॉलेजात मी पीएच.डी. करत होते. बेडकाच्या मूत्रपिंडावर हळदीचं बोट ओढल्यासारखा पिवळा पट्टा असतो. ती त्याची अधिवृक्क ग्रंथी. जीव घाबरला की तिथून संप्रेरकं सुटतात. त्यांना सुटायचा हुकूम देणारी पेप्टाइडं मी शोधत होते. भरमाण्णा प्रयोगशाळेतले शिपाई. अनगोळच्या शेतांतून बेडूक तेच धरून आणत.

माझे आकडे जुळेनात. निवांत ठेवलेले बेडूक आणि मुद्दाम घाबरवलेले बेडूक, दोघांची संप्रेरकं सारखीच. तीन वर्षांचं काम पाण्यात जायची वेळ आली. विभागप्रमुखांनी यावर तासभर इंग्रजीत चिंता व्यक्त केली.

भरमाण्णा बादली विसळता विसळता म्हणाले, “आक्का, पोत्यात घालून सायकलीवर आदळत आणलंय त्यास्नी. उतरल्या उतरल्या तुम्ही कात्री घेतासा. त्यातला निवांत कुठला? भ्यालेल्याला हात लावायचा न्हाय.”

“शेवटी मारायचेच आहेत ना, अण्णा?”

“जायचं हायच त्यास्नी. खरं, भिऊन कशाला?”

त्यांनी माठ आणले, ओली माती घातली, वर अळूची पानं झाकली. दारावर पाटी टांगली : ‘आत पाव्हणे इसावा घ्यायलेत.’ विभागप्रमुखांनाही त्यांनी उंबऱ्यावरच अडवलं. “साहेब, तुमचं बूट लई वाजत्यात.”

दोन दिवसांच्या पाहुणचारानंतर निवांत बेडकांचे आकडे झरझर खाली आले. अहवालात विभागप्रमुखांनी त्याला ‘आमची सुधारित पद्धत’ म्हटलं. मी प्रबंधाच्या आभारांत भरमाण्णांचं नाव सर्वांत आधी घातलं. साहेबांनी ती टायपिंगची चूक समजून मला माफ केलं.

तोंडी परीक्षेच्या सकाळी मी प्रबंधाचं पहिलंच पान पुन्हा पुन्हा वाचत होते, आणि एक ओळ लक्षात राहत नव्हती. आमच्या घरात मॅट्रिकच्या पुढं गेलेली मीच पहिली. आज तोंड उघडलं नाही तर सगळंच संपणार होतं. भरमाण्णांनी काही न विचारता मला बेडकांच्या खोलीत नेलं, स्टुलावर बसवलं, हातात पाण्याचा तांब्या दिला आणि बाहेरून दार ओढून घेतलं.

थोड्या वेळानं बूट वाजले. “कुठं आहे ती? परीक्षक खोळंबलेत!”

“धा मिनटं, साहेब. पाटी वाचा.”

मग बूट परत गेले, पण हळू.

माठातला एक बेडूक पानाखालून माझ्याकडे बघत होता. मी तांब्यातलं पाणी संपवलं. पहिल्या पानावरची ओळ न् ओळ आता आठवत होती.

मग दारावर टकटक झाली.

“या,” मी म्हणाले.