जर्दाळूचे मागचे पाय आणि चाळीस भाकऱ्या

एका जंगलात चाळीस घरं होती आणि कुत्रा एकही नव्हता. पंचाईत तिथूनच सुरू झाली.

त्याचं काय, त्या जंगलात एक रीत होती. पहिली भाकरी गाईला, शेवटची कुत्र्याला. गाय नव्हती, म्हणून नीलगाईवर भागवत. तिचं अंग एवढं थोरलं, की चाळीस भाकऱ्या तिच्या दातालाही लागत नसत. पण कुत्र्याची भाकरी रोज शिळी व्हायची, आणि चाळीस घरांना रुखरुख लागायची. आता बिळात तवा कुठून आला, असं विचारू नका, बाळांनो. मला गोष्ट सांगू द्या.

तर अनुसूया अस्वलीण एकदा शहराच्या कडेला मध विकायला गेली आणि येताना कुत्रा घेऊन आली. सोनेरी केसांचा, लोंबत्या कानांचा, दिसेल त्याच्यावर जीव टाकणारा. देणाऱ्यानं सांगितलं होतं, "हा रिट्रीव्हर. टाकलेलं परत आणून देतो." तिनं नाव ठेवलं जर्दाळू.

आणि खरंच आणायचा हो! भाऊराव सशाची चप्पल तळ्यात पडली, आणली. साळिंदरकाकूचा चष्मा वाहून गेला, आणला. तोंड इतकं मऊ, की एकदा बदकिणीचं अंडं पाण्यातून आणलं, तडासुद्धा नाही. अनुसूयेच्या घरात दुसरं कुणी नव्हतं. संध्याकाळी तो तळ्यावरून ओलाचिंब येऊन तिच्या पायांवर डोकं टाकायचा. तेवढ्यानं तिचा दिवस भरायचा.

पण बाकीच्यांना काय दिसलं? भाकरीला तोंड मिळालं!

दुसऱ्या दिवसापासून चाळीस घरांची शेवटची भाकरी जर्दाळूपुढे. या जातीच्या कुत्र्याला पोट भरल्याचं कळतच नाही. भाकरी संपली, की असा बघायचा, जणू जन्मात अन्न पाहिलं नाही. आणणाऱ्याचा जीव कळवळायचा. "अनुसूया उपाशी ठेवते वाटतं," असं म्हणत तो घरी जायचा आणि आणखी एक आणायचा, वर तूप लावून.

होळीपर्यंत जर्दाळूचा चौरंग झाला. वर ताट ठेवून जेवावं असा.

मग कान बिघडले. तळ्याचं पाणी आत राहायचं, वर कानांचं झाकण, वारा लागणार कुठून? मग खाज सुटली. आणि एका सकाळी मागचे पाय उठेचनात.

डॉक्टर धवळे नावाचा बगळा तळ्यात एका पायावर उभा राहून रोगी तपासायचा. कानाच्या थेंबांना त्यानं एक हंडी मध घेतला. खाजेच्या मलमाला दोन. हाडांचा फोटो काढायला अख्खं पोळं.

"खुब्याचा सांधा सैल आहे," डॉक्टर म्हणाले. "या जातीत असतोच. त्यावर एवढं वजन. ऑपरेशन करता येईल."

"काय द्यावं लागेल?"

"तुमचं मोहाचं झाड."

अनुसूयेचं ते शेवटचं झाड होतं. मध त्याच्यावरच.

"आणि दुसरं काही?"

"दुसरं म्हणजे भाकऱ्या बंद. दिवसाला एक. रोज थोडं पोहणं, आणि आला की कान कोरडे पुसायचे. चैत्र संपायच्या आत उठला तर उठला. नाही तर तळं कायमचं सुटलं. या सल्ल्याचे काही नकोत."

अनुसूया घरोघर फिरली. हात जोडले.

भाऊराव म्हणाले, "माझ्या एका भाकरीनं काय होतंय? काकूला सांग. तिची भाकरी बघितलीस का? रिंगणच आहे!"

काकू म्हणाली, "मी चार पिढ्यांची रीत मोडू? आणि सांगितलं कुणी? डॉक्टरनं? फुकटात? अगं, फुकट सांगतो तो कसला डॉक्टर!"

दुसऱ्या दिवशी एक्केचाळीस भाकऱ्या आल्या. आजाऱ्याला म्हणून एक जास्त.

अनुसूया तळ्यावर जाऊन बसली. "घ्या ते झाड," म्हणाली, आणि रडायला लागली.

डॉक्टरांनी पाय बदलला. "चुकलं माझंच, बाई. फी सांगायला हवी होती."

संध्याकाळी वडावर पाटी लागली. जर्दाळूवर खास उपचार. फी रोज चाळीस भाकऱ्या, प्रत्येक घरची शेवटची. गरम. एक जरी कमी पडली तर उपचार थांबेल, आणि पाप त्या घराला.

"लूट आहे ही!" भाऊराव ओरडले.

"दरोडा!" काकू म्हणाली. मग जरा थांबून म्हणाली, "पण एवढी फी म्हणजे औषध जालीम असणार हो."

"कुत्र्याची भाकरी डॉक्टरला चालेल?"

"कुत्र्यापायीच गेली ना? मग चालेल."

एकही घर चुकलं नाही.

आणि उपचार काय? डॉक्टर पाण्यात काठी टाकायचे. जर्दाळू कसाबसा तरंगत ती आणायचा. अनुसूया पदरानं त्याचे कान पुसायची आणि एक भाकरी द्यायची. बस्स.

चैत्राचे चार दिवस उरले होते. सकाळी जर्दाळूचे मागचे पाय थरथरले. मग उभे राहिले. मग चालले! तळ्यात उडी मारून त्यानं काकूचा दुसऱ्यांदा वाहून गेलेला चष्मा आणला, आणि ओलं डोकं अनुसूयेच्या पायांवर टाकलं. मागं मोहाचं झाड जागच्या जागी होतं.

"फी जबर होती, म्हणून गुण आला," काकूनं सगळ्यांना सांगितलं.

पण भाकऱ्या यायच्या थांबल्या नाहीत. डॉक्टर अन्न टाकणाऱ्यातले नव्हते. वैशाखात एका कासवाला तपासायला ते पाण्यात एका पायावर उभे राहिले आणि धप्पकन बसले. दोन पायांवरही उठवेना. जर्दाळूनं उडी घेतली, त्यांना तोंडात धरून काठावर आणून ठेवलं. एक पीसही वाकडं नाही.

सगळं जंगल जमलं.

"भाकऱ्या... बंद करा," डॉक्टर कण्हले.

"या सल्ल्याची फी किती?" भाऊरावांनी विचारलं.

"काही नको. फुकट."

"अरेरे," काकू म्हणाली, "डोक्यावर पण परिणाम झाला." आणि तिनं त्यांच्यापुढे भाकरी ठेवली. वर तूप लावून.

तात्पर्य: आजार कुठं जात नाही, घर बदलतो. तो डॉक्टरांच्या घरी राहायला गेला, की उपचार लागू पडला समजावं. म्हणून बाळांनो, फी देताना हात आखडू नका, आणि फुकट मिळालेला सल्ला चुकूनही ऐकू नका.