मास्तरांसाठी धरलेला बाक

रुमालकाकांनी ठरवलं, की उद्या समुद्रासमोरचा बाक आपण धरायचा. ठरवलं एवढंच. पण ज्या माणसाने उभ्या आयुष्यात जागा धरण्यापलीकडे काही केलं नाही, त्याचं 'एवढंच' कधी एवढ्यावर थांबत नाही.

काकांकडे दोन रुमाल. एक पांढरा, नाक-तोंड पुसायला. दुसरा मोठा, निळ्या चौकड्यांचा, फक्त जागा धरायला. बसच्या खिडकीतून, न्हाव्याच्या दुकानात, लग्नाच्या जेवणाला, सगळीकडे हा चौकड्यांचा रुमाल काकांच्या आधी पोचायचा. ऑफिसात तो खुर्चीवर टाकून काका सकाळच्या चहाला जायचे, ते जेवायच्या सुट्टीलाच उगवायचे. रिटायर झाले तेव्हाही रुमाल खुर्चीवरच राहिला, आणि काका तो परत न्यायला येईपर्यंत त्यांच्या जागी आलेली मुलगी आठवडाभर उभ्याने काम करत होती. तिला वाटलं, साहेब येतीलच. (काका हा किस्सा अभिमानाने सांगतात. ऐकणारे त्यांच्याच वयाचे, त्यामुळे हसतात.)

मास्तर हे काकांचे शाळेपासूनचे मित्र, चित्रकलेचे शिक्षक. जन्मभर त्यांनी मुलांकडून दोन डोंगरांमधला सूर्य काढून घेतला, आणि एखाद्याने तो समुद्रात बुडवला तर मार्क कापले. स्वतः मात्र समुद्रात बुडणारा सूर्य कधी पाहिला नव्हता. आता पुढच्या आठवड्यात गुडघ्याचं ऑपरेशन. त्याआधी एकदा समुद्रापुढे निवांत बसून सूर्य बुडताना बघायचा, एवढीच त्यांची हौस. त्यासाठीच दोघे या गावात दोन दिवस आले होते. पहिल्या संध्याकाळी सगळे बाक भरलेले. मास्तर कठड्याला धरून थोडा वेळ उभे राहिले, मग गुडघ्याने साफ नकार दिला, आणि सूर्य चांगला हातभर वर असतानाच मंडळी लॉजवर परत.

"मी बरोबर असताना तू उभा?" काका खोलीत येरझाऱ्या घालत होते. "उद्या तू फक्त खाली उतरायचं. बाक तयार असेल."

"अरे रुमाल्या, दोघं मिळूनच जरा लवकर जाऊन बसू की."

"तू गप रे मास्तर. जागा धरणं हे तुझं काम नाही."

दुसऱ्या दिवशी जेवण उरकल्या उरकल्या काका बाकावर हजर. रस्त्यावर चिटपाखरू नाही. बाक चौघांचा. एका टोकाला रुमाल अंथरला, मध्ये स्वतः बसले. ऊन उतरून माणसं दिसू लागली, तशा दुसऱ्या टोकाला चपला ठेवल्या. गर्दी वाढली, तेव्हा उरलेल्या जागेत छत्री उघडून ठेवली. आणि मास्तर लॉजच्या दारातून बाहेर पडताना दिसावेत म्हणून बाकावर उलटे बसले. बाकाचं तोंड समुद्राकडे, काकांचं लॉजकडे.

शेजारच्या खोलीतलं नवराबायकोचं तरुण जोडपं आलं.

"काका, थोडं सरकता का?" नवऱ्याने विचारलं.

"माणसं येतायत."

"किती?"

"येतायत."

"ती आली की उठू ना आम्ही."

"असंच म्हणतात सगळे. एकदा बसलेला माणूस कधी उठतो का?" (हे मात्र काका स्वानुभवावरून बोलत होते.)

"चपलांनाही सूर्यास्त बघायचाय वाटतं," बायको म्हणाली.

"आमच्या वेळी मोठ्यांशी असं बोलायची कुणाची टाप नव्हती."

"तुमच्या वेळी बाकांवर माणसं बसत असतील."

दोघं तणतणत निघून गेली. मग झोपलेलं मूल खांद्यावर घेतलेला एक बाप आला. माणसं येतायत. काठी टेकत एक आजी आल्या. माणसं येतायत. फक्त मास्तर तेवढे येत नव्हते.

काकांची चुळबुळ सुरू झाली. बोलवायला जावं, तर बाक जातो. फोन करावा, तर तो लॉजवर चार्जिंगला. (खोलीतला एकुलता एक प्लग काकांनी आल्या आल्या धरला होता.) समोरच्या भिंती सोनेरी झाल्या, मग तांबड्या. पाठीमागे कुणी "अहाहा" म्हणालं, टाळ्यासुद्धा वाजल्या. काका वळले नाहीत. नजर हटली की कुणीतरी बसतं.

अंधारता अंधारता वाळूकडून मास्तर आले. एका बाजूने तरुण नवऱ्याचा आधार, दुसऱ्या बाजूने बायको, तिच्या हातात लॉजची प्लास्टिकची खुर्ची. मास्तरांचा चेहरा असा फुललेला काकांनी शाळेनंतर पाहिला नव्हता.

"रुमाल्या, होतास कुठे तू?"

"कुठे म्हणजे? दुपारपासून तुझ्यासाठी बाक धरून बसलोय!"

मास्तरांनी छत्री पाहिली, चपला पाहिल्या, रुमाल पाहिला. "म्हणजे तो तू होतास?"

"तो कोण?"

"अरे, ही मुलं खुर्ची न्यायला लॉजवर आली, तेव्हा मी जिना उतरत होतो. म्हणाली, आजोबा, पुढे एक चक्रम म्हातारा अख्खा बाक अडवून बसलाय, तुम्ही आमच्याबरोबर मागच्या दाराने वाळूत चला. मला वाटलं, त्याच्यामुळेच तुला बाक मिळाला नसेल. म्हटलं, असतात एकेक नमुने."

काका बराच वेळ चपला घालत राहिले. मग हळूच म्हणाले, "कसा होता?"

"काय सांगू! डोंगर नसले तरी चालतं रे. पोरांचे मार्क उगाच कापले मी."

सकाळी परतीची बस लागली. गेलेली अब्रू भरून काढायची हीच संधी! काकांनी नेम धरून खिडकीतून चौकड्यांचा रुमाल टाकला आणि कोपरं मारत आत शिरले. बघतात तर खिडकीशी मास्तर. गुडघा बघून ड्रायव्हरने त्यांना पुढच्या दाराने आधीच घेतलं होतं. शेजारी कालच्या जोडप्यातली बायको, मांडीवर रुमालाची व्यवस्थित घडी.

"काका, हा कुणाचा तरी खिडकीतून आत पडला. तुमचा का?"

काकांनी रुमाल घेतला आणि तिच्या बाजूच्या तिसऱ्या जागेकडे बघितलं.

"माणसं येतायत," ती म्हणाली.

माणूस आला, तिचा नवरा. बसला. मास्तर खिडकीबाहेर तोंड करून हसत होते. खांदे हलत होते, त्यावरून कळलं.

काका घरापर्यंत उभे. ऊन चढलं, मानेवरून घाम वाहू लागला. त्यांनी खिसा चाचपला. पांढरा रुमाल नाश्त्याचं टेबल धरायला टाकला होता, तो तिथेच राहिला. शेवटी इकडेतिकडे बघत त्यांनी निळ्या चौकड्यांचा काढला आणि तोंड पुसलं.

त्या रुमालाने जन्मात पहिल्यांदा रुमालाचं काम केलं.