सबनीस साहेबांचे नापास दिवे

दोन हजार तेवीस साली मी बहात्तर वर्षांचा होतो. त्या साली पावसाळा संपल्यावर आमच्या बेलवलीच्या बिल्डिंगमध्ये एक माणूस रोज दिवेलागणीला धुण्याच्या मशीनला सायकलचा दिवा बांधायचा आणि मशीन चालू करायचा. आत कपडे नसायचे. आत एक भिजलेली गोधडी असायची. ती एका अंगाला गोळा झाली की मशीन थयथय नाचायचं, खालच्या मजल्यावर माझ्या डोक्यावरचा पंखा थरथरायचा. तो माणूस हातात घड्याळ धरून समोर स्टुलावर बसलेला. वीस मिनिटांनी दिवा सोडायचा, कानाशी नेऊन हलवायचा आणि म्हणायचा, "खुळखुळतोय. पास नाही."

हे आमचे सबनीस साहेब.

आमची बिल्डिंग म्हणतो ते उगाच नाही. आज जिथे पार्किंग आहे तिथे माझ्या बापाचं खळं होतं. मी जागा दिली म्हणून हे चार मजले उभे आहेत. शिक्षण माझं चौथी. पाचवीची शाळा नदीपलीकडे होती आणि बापाला वाटलं, रोज होडीत बसवून शिकवावं एवढं डोकं या पोरात नाही. त्याचं चुकलं. चौथीच्या जोरावर मी अंबरनाथच्या कारखान्यांत चाळीस वर्षं काढली, रात्रपाळीला सायकलने गेलो, आणि एकदाही पडलो नाही. एकदा म्हशीवर आदळलो, पण तिथे चूक म्हशीची होती.

सबनीस साहेबही कारखान्यातलेच, पण ऑफिसर. पस्तीस वर्षं त्यांनी माल तपासला. तयार झालेला तुकडा हातात घ्यायचा, उजेडात फिरवायचा, आणि पास किंवा नापास. रिटायर झाले तरी हात थांबले नाहीत. भाजीवालीची वांगी पास करायचे. दूधवाल्याला दारात थांबवून ठेवायचे. एकदा सोसायटीच्या मीटिंगला चहा आला तर साहेब कपाकडे बघून म्हणाले, "कान हलतोय. परत करा." बोलणं कुठूनही सुरू होवो, दुसऱ्या वाक्याला 'समजा' यायचाच. समजा, लिफ्ट अडकली. समजा, गॅसची नळी उंदराने खाल्ली. लोक त्यांच्याशी बोलून घरी गेले की आधी गॅस बघायचे.

दिवा त्यांना स्वतःसाठी नको होता. साहेबांना मी सायकलवर कधी पाहिलं नाही. दिवा हवा होता केतकीसाठी. त्यांची एकुलती एक पोर, सत्तावीस वर्षांची, ऐरोलीला कंपनीत. डोंगरात सायकल चालवायचं वेड. जाड टायरची सायकल, पण तिला ना स्टँड, ना मडगार्ड, ना कॅरिअर. मला तर वाटलं दुकानदाराने अर्धीच दिली. दिवस सगळा ऑफिसात जायचा, म्हणून तिचा ग्रुप अंधार पडल्यावर निघायचा. कोंडेश्वरकडच्या डोंगरवाटा, धोंडे, ओहोळ, उतार. होळीच्या सुमाराला केतकीने घरात सांगितलं की मीही जाणार. साहेब नाही म्हणाले नाहीत. ते फक्त म्हणाले, "लाइट मी पास करीन. मग जायचं."

पोर हसून हो म्हणाली. तिथे फसली.

नवरात्र आलं तरी साहेबांनी नऊ दिवे नापास केले होते. पोर घरात, सायकल गॅलरीत, आणि साहेब रोज नव्या चिंतेत. एक दिवा बादलीत बुडवून मेला. एक फ्रीजमध्ये ठेवला होता, थंडीत बॅटरी टिकते का बघायला. साहेबांच्या बायकोला, आमच्या वहिनींना, तो कोथिंबिरीत सापडला. त्या खाली येऊन मला म्हणाल्या, "दादा, तुम्ही तरी सांगा यांना. काल भाजी शोधायला फ्रीज उघडला, तर आतून उजेड माझ्याच अंगावर!"

गच्चीवर तर तमाशाच. पाण्याच्या टाकीवर साहेबांनी काळ्या रेघा मारल्या होत्या, जाड, मग बारीक, मग अजून बारीक. तीस पावलांवरून दिवा मारायचा आणि रेघा मोजायच्या. चौथीपुढे साहेबांची गाडी जायची नाही. "पाचवी दिसत नाही. पास नाही." समोरच्या बिल्डिंगमधून एक बाई ओरडायची, "ओ अंकल, हमारे बेडरूम में क्यों पास-नापास कर रहे हो?"

मला घेऊन ते उल्हासनगरच्या बाजारातही गेले. सायकलच्या सामानाचं दुकान, गल्ल्यावर गोरापान सिंधी शेटजी. त्याने झोकात डबा पुढे केला. "साहब, ये देखो. बारह हज़ार लूमेन." लूमेन म्हणजे उजेडाचं माप, शेरासारखं.

साहेबांनी दिवा तळहातावर तोलला. "अंगठ्याएवढी बॅटरी. बारा हजार?"

"डब्बे पे लिखा है ना."

"मग डबा पास. दिवा नाही."

शेट हसला. साहेब हसले नाहीत. "समजा, उतारावर बॅटरी संपली. मग?"

"तो दूसरा लाइट रखने का, साहब."

"समजा दुसराही पडला. शिट्टी आहे? गुडघ्याचे पॅड आहेत? मागचा लाल दिवा चिखलाने झाकला गेला तर? समजा बिबट्या आला?"

शेट माझ्याकडे वळला. "अंकल, इनको सायकल का सामान चाहिए या बीमा?"

त्या दिवशी पॅड घेतले, हातमोजे घेतले, शिट्टी घेतली. शिट्टी साहेबांनी दुकानातच वाजवून पास केली. पोलीस आला असं वाटून दोन हातगाडीवाले पळाले. दिवा मात्र घेतला नाही.

आमचं भांडण झालं ते वेगळ्याच गोष्टीवरून. साहेबांचा हट्ट, दिवा हेल्मेटवरच हवा. मान फिरेल तिकडे उजेड. मी म्हटलं, चूक. आम्ही रात्रीचे शेताच्या राखणीला जायचो तेव्हा कंदील कधी वर धरला नाही. कंदील गुडघ्याच्या खाली. उजेड आडवा गेला की बारीक खड्याचीसुद्धा सावली पडते. सावली पडली की दगड कळतो, बीळ कळतं, जनावर कळतं. डोक्यावर धरलात तर वाट भाकरीसारखी सपाट दिसते आणि पाय पडतो तो खड्ड्यात. दिवा हँडलवरच पाहिजे.

"म्हात्रे, हे शास्त्र आहे," साहेब म्हणाले. "अडाण्यासारखं कंदील काय सांगता?"

"मग शास्त्राला सांगा, पोरीला उतरवून आण डोंगरावरून," मी म्हटलं आणि दार लावून घेतलं. तीन दिवस बोललो नाही. माझ्याच खळ्यावर राहून मला अडाणी म्हणायचं!

चौथ्या दिवशी केतकी माझ्या दारात आली. चेहरा उतरलेला. "काका, उद्या शनिवार. ग्रुप निघणार आहे, आणि मी जाणार आहे. मोबाइलचा टॉर्च बांधून जाईन, पण जाईन. सात महिने झाले. बाबांना मला पाठवायचंच नाहीये, तर सरळ तसं सांगावं ना."

"गो पोरी, टॉर्च बांधून त्या उतारावर जाशील तर हाडं गोळा करायला मीच येईन."

"मग तुम्ही त्यांना समजवा. बाबा तुमचंच ऐकतात."

माझं साहेब ऐकतात हे मला नवीन होतं. पण ऐकून बरं वाटलं. राग गिळला आणि वर गेलो. ठरलं असं की आज संध्याकाळी खऱ्या वाटेवरच परीक्षा घ्यायची. नापासांतलेच दोन बरे दिवे घ्यायचे, एक हँडलवर, एक हेल्मेटवर. जो पास तो पास. साहेबांनी मान हलवली, पण बोटं सारखी शर्टाच्या बटणाशी. वहिनी म्हणाल्या, दुपारी जेवलेसुद्धा नाहीत.

रिक्षाने आम्ही दोघं डोंगराच्या पायथ्याशी गेलो, पोर सायकलवर पुढे. सूर्य गेला होता. डोंगर काळा पडत होता. रस्ता सोडून वाट जिथे खाली उतरते, तिथे साहेबांनी पिशवी उघडली. घरून आणलेलं सामान माझ्या हातात दिलं. एक वीट, दोरीचा तुकडा, एक झावळी. "ही वाटेवर टाका. मी बघणार नाही कुठे टाकता. मग दिवा लावायचा आणि मी ओळखायचं." परीक्षा म्हणजे परीक्षा. ते पाठ करून उभे राहिले. वीट मी जवळच ठेवली, दहा पावलांवर. दोरी नागमोडी टाकली, म्हटलं जरा घाबरू दे म्हाताऱ्याला.

केतकीने सायकल एका धोंड्याला टेकवली, हँडलचा दिवा लावला. इतक्यात तिचा फोन वाजला. ग्रुपमधलं कोणीतरी विचारत होतं, उद्या नक्की ना. आवाज तुटत होता म्हणून ती रस्त्याकडे वर गेली.

उजेड वाटेवर आडवा पडला होता. मी सांगतो, सुईसुद्धा वेचता आली असती. विटेची लांबलचक सावली, दोरीची वळणं, एक खेकडा घाईघाईने झावळीखाली शिरत होता तोही दिसला. मला मनातून आनंद झाला. कंदील जिंकला.

साहेब बघत राहिले. मग म्हणाले, "पास नाही."

"काय पास नाही?"

"काही दिसत नाही."

माझं डोकं फिरलं. "ओ साहेब, पोरीला पाठवायचं नसेल तर तोंडाने सांगा. ती वीट समोर आहे ढळढळीत!"

"कुठे आहे वीट? दाखवतो तुम्हाला, नाहीये वीट." आणि ते तरातरा पुढे चालत गेले. नवव्या पावलाला जरा डावीकडे झुकले, दहाव्याला विटेवर अडखळले आणि भर उजेडात गुडघ्यावर पडले.

मी धावलो. त्यांनी हात वर करून मला थांबवलं. मग हाताने चाचपून वीट शोधली. दोन्ही हातांत धरली, तोंडाजवळ आणली, कारखान्यात तुकडा फिरवायचे तशी फिरवली.

"म्हात्रे, ही इथेच होती?"

"इथेच."

"तुम्हाला दिसत होती?"

मी हो म्हटलं.

त्यांनी वीट हळूच खाली ठेवली. वर रस्त्यावर केतकीचं हसणं ऐकू येत होतं.

"दोन वर्षं झाली असतील," ते म्हणाले. "आधी जिन्यात. मग रस्त्यावर. दिवसा सगळं ठीक असतं हो. संध्याकाळ झाली की रिक्षाचा दिवा दिसतो, पण रिक्षा दिसत नाही. मला वाटायचं, अंधार असाच असतो. दिवेच कमी पडतात. केसाएवढी चीर सापडायची मला, म्हात्रे. माझा डोळा कसा चुकेल?"

मी त्यांच्याशेजारी खाली बसलो.

"रोज गच्चीवर दिवा लावायचो. वाटायचं, पोर इतक्या अंधारात उतार उतरणार. हिला हा दगड दिसणार नाही, तो खड्डा दिसणार नाही. लोक म्हणतात सबनीस कटकट्या. अहो, मला जेवढं दिसत होतं, तेवढ्यात मी तिला कशी सोडणार होतो?"

सात महिने मी त्या माणसाला हसत होतो. मी त्यांच्या गुडघ्यावरची माती झटकली, तेवढंच.

वरून पावलं वाजली. साहेबांनी घाईने माझा दंड धरला. "तिला सांगू नका. सायकल सोडून देईल ती, मला सांभाळायला घरी बसेल. तुम्ही बघा. नीट बघा, म्हात्रे, आणि मला सांगा. तुम्ही म्हणाल ते."

उभ्या आयुष्यात मला कोणी इतकं मोठं काम दिलं नव्हतं. मी सायकल ढकलत, हँडलच्या दिव्यावर उतारभर खाली गेलो, वर आलो. मग हेल्मेट डोक्यावर चढवलं. केतकी म्हणाली, "काका, भारी दिसताय," पण माझं लक्ष नव्हतं. एक धोंडा सुटला तर? एक वळण चुकलं तर? मी पुन्हा सायकल ढकलत उतरलो. सरळ वाटेवर कंदीलच खरा, तो मी आजही खरा म्हणतो. पण वळणावर हँडल वाटेकडे आणि मान दरीकडे वळली, तेव्हा हेल्मेटच्या दिव्यानेच मला कड दाखवली. नाहीतर मी तिथेच गेलो असतो. हे कबूल करायला मला जरा वेळ लागला, पण केलं.

साहेबांच्या कानाशी जाऊन म्हटलं, "दोन्ही लागतील. एक खाली, एक वर. मग चिंता नाही."

"नक्की?"

"माझी पोर असती तरी पाठवली असती."

साहेब ताठ उभे राहिले. पॅंटवरची माती झटकली. केतकीचा आवाज आला तिकडे तोंड करून म्हणाले, "पास."

"बाबा! खरंच?"

"दोन्ही लावायचे. शिट्टी गळ्यात. समजा..." आणि थांबले. "काही नाही. जा तू उद्या."

पोर त्यांच्या गळ्यात पडली. साहेब तिच्या खांद्यावरून अंधाराकडे बघत होते. मला ठाऊक होतं, त्यांना तिथे काहीच दिसत नव्हतं.

त्या रात्री मला झोप लागली नाही. मी पास म्हटलं होतं. पोरीचं काही झालं तर? आणि त्या माणसाला जिन्यात कोण धरणार?

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता मी वर जाऊन सबनीसांची बेल वाजवली. केतकी गॅलरीत टायरमध्ये हवा भरत होती, वहिनी चहा गाळत होत्या. दोघींना ऐकू जाईल अशा आवाजात मी म्हटलं, "साहेब, माझ्या डोळ्यांचं काहीतरी बिनसलंय. अंबरनाथला डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचंय. तिथे इंग्रजीत फॉर्म असतो, तो मला भरता येत नाही. तुम्ही चला माझ्याबरोबर."

मला येत नाही, हे वाक्य माझ्या तोंडून बेलवलीत कोणी ऐकलं नसेल. वहिनी गाळणी हातात धरून बघतच राहिल्या.

साहेबांनी माझ्याकडे नीट पाहिलं. दिवसाउजेडी त्यांना चांगलं दिसायचं. मग आत गेले, खिशाला पेन लावून आले आणि पायात चपला सरकवल्या.

जिन्यात उजेड कमी होता. मी एक पायरी पुढे राहून उतरलो. तिसऱ्या पायरीवर त्यांचा हात माझ्या खांद्यावर आला, तो खालपर्यंत तिथेच होता.